आधी दुरुस्ती, मग बदल

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ऑफ-रोड गाड्यांमध्ये करून घेण्याजोग्या बदलांवर आलेला लेख वाचला. उंच केलेली गाडी, रुंद टायर, पुढच्या बंपरवर विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारे यंत्र), टपावर दिव्यांची रांग अशी छायाचित्रे त्यात होती आणि प्रत्येक वस्तूने गाडी किती सक्षम होते याचे रसभरीत वर्णनही होते. स्वतःच्या गाडीखाली आडवे पडून जे थोडेफार शिकलो, त्याच्या आधाराने या लेखाला एक पुरवणी जोडावीशी वाटते. एका ट्रेलवरून, म्हणजे कच्च्या, खडतर वाटेवरच्या फेरीवरून, परतल्यानंतर दुसरीवर निघेपर्यंत जे दिवस हाती असतात, ते नवा भाग बसवण्याआधी मागच्या फेरीत काय झिजले, काय सैल झाले आणि कुठे पाणी शिरले हे शोधण्यासाठी वापरले पाहिजेत. या कामाविषयी लेखात अवाक्षरही नव्हते.

हे मी शहाणपणाने नव्हे, तर फटका खाऊन सांगतो आहे. एका फेरीत ॲक्सल पूर्ण बुडेल इतक्या पाण्यातून गाडी दोन-तीनदा नेली होती. परतताना ना कसला आवाज होता, ना गळती. म्हणून गाडी धुऊन उभी केली आणि मिळालेली सुट्टी नवे दिवे बसवण्यात घालवली. पुढच्या फेरीत मागच्या ॲक्सलमधून घरघर सुरू झाली. डिफरेन्शियलचा, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचा, ड्रेन प्लग (ऑइल काढण्याचे बूच) काढला, तेव्हा ऑइलऐवजी दुधाळ, करडे मिश्रण बाहेर आले आणि उघडून पाहिले तर आतल्या पिनियन गिअरच्या बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडलेले होते. दिवे मात्र उत्तम लागत होते.

यामागचे कारण फार सोपे आहे. चालून तापलेले ॲक्सलचे हौसिंग अचानक थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकुंचन पावते आणि आतला दाब उतरतो. हा दाब सारखा करण्यासाठी हौसिंगवर ब्रीदर नावाचा लहानसा झडपेसारखा भाग असतो. तो चिखलाने बुजलेला असेल, तर हवेऐवजी ऑइल सीलच्या कडेवरून पाणी आत ओढले जाते, आणि तोच पाण्याखाली असेल तर कधी त्याच्यातूनही पाणी शिरते. मुळात ते सील प्रामुख्याने ऑइल आत राखण्यासाठी असते. ब्रीदरला लवचीक नळी जोडून तिचे तोंड इंजिनच्या कप्प्यात उंचावर नेणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि मोठ्या टायरच्या आधी, किंबहुना कोणत्याही बदलाच्या आधी, तो करावा असे माझे मत आहे. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) यांच्या ब्रीदरांनाही तोच न्याय लावावा. पाणी शिरले आहे का हे पाहण्यासाठी सगळे ऑइल काढावे लागतेच असे नाही. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवून सकाळी ड्रेन प्लग जरासा सैल केला, तर तळाशी बसलेले पाणी जड असल्यामुळे आधी बाहेर येते. दुधाळ ऑइल दिसले तर मात्र ते बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

बाकीच्या तपासणीला एक दुपार पुरते, फक्त ती गाडी धुतल्यानंतर करावी, कारण चिखलाखाली चिरही दिसत नाही आणि ताजी गळतीही. धुताना पाण्याचा जोरदार झोत सीलवर, ब्रीदरवर किंवा विजेच्या जोडांवर मारू नये. रेडिएटरच्या जाळीत बसलेला चिखल इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या धारेने काढावा, नाहीतर तो आणखी आत दाबला जातो. चेसिसच्या पोकळ भागात साठलेली माती तर आवर्जून काढावी. ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते.

त्यानंतर गाडी स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. चाक वर-खाली धरून हलवले तर बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा खेळ हाताला लागतो, आणि डावी-उजवीकडे हलवले तर टाय रॉड एंडचा, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याचा. प्रोपेलर शाफ्टचे (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस हाताने पिळून पाहावेत, आणि जिथे ग्रीसचे निपल आहेत तिथे जुने ग्रीस आणि शिरलेले पाणी बाहेर पडेपर्यंत नवे ग्रीस भरावे. पाट्यांच्या स्प्रिंगची गाडी असेल तर प्रत्येक पाटा, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट बारकाईने पाहावेत. बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळल्यावर बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यावर रंगाची एक सरळ रेघ ओढण्याची सवय मला फार उपयोगी पडली आहे: पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला आहे हे पाना न लावताच समजते. ड्रम ब्रेक असतील तर ड्रम उघडून आतला चिखल काढावा. ब्रेक ऑइलकडेही लक्ष हवे, कारण ते हवेतला ओलावा शोषते. डॉट-४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापतात, तेव्हा हा फरक पायाखालच्या पेडलला कळतो.

आता लेखातल्या बदलांविषयी. माझा त्यांना विरोध नाही, पण एक भाग बदलला की त्याचा भार शेजारच्या भागावर जातो हे वाचकाला सांगायला हवे होते. २९ इंचांच्या जागी ३३ इंचांचे टायर बसवले तर व्यास जवळजवळ १४ टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटरची जुळणी बदलली नाही तर तो ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ९१च्या आसपास धावत असते. ओढ त्याच प्रमाणात कमी होते. डिफरेन्शियलमधल्या क्राऊन-पिनियन या गिअरच्या जोडीचे प्रमाण ३.७३ असेल, तर मूळची ओढ परत मिळवण्यासाठी ते ४.२५च्या जवळपास न्यावे लागते. शिवाय जड चाक थांबवण्याचे आणि वळवण्याचे ओझे त्याच जुन्या ब्रेकवर, बेअरिंगवर आणि टाय रॉडवर पडते. या चार इंचांतून डिफरेन्शियलखाली प्रत्यक्षात मिळते काय, तर दोनच इंच जास्त जागा.

सस्पेन्शन लिफ्टच्या, म्हणजे स्प्रिंगच्या जागी गाडी उंच करण्याच्या, बाबतीतला गैरसमज त्याहून मोठा आहे. अखंड ॲक्सलच्या गाडीत स्प्रिंगखाली किंवा स्प्रिंगमध्ये कितीही उंची वाढवली, तरी डिफरेन्शियल जमिनीपासून केसभरही वर जात नाही. ते फक्त टायरच्या उंचीने वर जाते. लिफ्टमुळे मोठ्या टायरला जागा मिळते, चेसिस आणि बंपर वर जातात, पण त्याचबरोबर गुरुत्वमध्य वर जातो, प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, कॅस्टरचा कोन (स्टिअरिंग ज्या आसाभोवती वळते त्याचा पुढे-मागे कल) बिघडून स्टिअरिंग भटकू लागते आणि चाक पूर्ण खाली लोंबले की ब्रेकचा होज ताणला जातो. हे सारे दुरुस्त करणाऱ्या भागांचा खर्च लिफ्टच्या खर्चातच धरला पाहिजे.

विंच बसवताना तिची ओढण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट असावी, हा सर्वमान्य आडाखा आहे. मात्र पेटीवर छापलेला आकडा ड्रमवर दोराचा एकच थर शिल्लक असतानाचा असतो. थर वाढतील तशी ओढ कमी होते. अडकलेली गाडी ओढून काढण्यासाठी ट्रेलरचा टोइंग बॉल कधीही वापरू नये. तो तुटला तर गोळीसारखा उडतो आणि त्यामुळे माणसे दगावलेली आहेत. चेसिसला पक्के बसवलेले रिकव्हरी पॉइंट हा माझ्या यादीत दिव्यांच्या कितीतरी वरचा बदल आहे.

जाता जाता, दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची आठवण होते. सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन, ६.००-१६ मापाचे अरुंद टायर, लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरवणारे कुलूप) नाही, लिफ्ट नाही. पण वजन कमी आणि कमी वेगात जास्त ओढ देणारे लो-रेंज गिअर जोडीला. आजही मऊ मातीत टायरची हवा कमी केली, तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग मुख्यतः लांबीने वाढतो आणि नवा भाग न बसवता पकड मिळते. डांबरी रस्त्यावर येताच हवा परत भरण्यासाठी कॉम्प्रेसर आणि चांगला प्रेशर गेज तेवढा जवळ हवा.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख आला, तर एखादे छायाचित्र गाडीच्या खालच्या बाजूचे, ट्रेलवरून परतल्यावर न धुतलेल्या अवस्थेतले छापावे आणि ब्रीदर कुठे असतो हे त्यावर बाणाने दाखवावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक