पिंट्या, मशीन घेऊ का?

पिंट्या,

फोनवर विचारलं की तू दोन मिनिटांत "घेऊन टाक रे" म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहितोय. पूर्ण वाच, मग बोल.

परवा आपल्या आयटीआयनं मला भाषणाला बोलावलं होतं. हसून घे आधी. फळ्यावर लिहिलेलं, 'यशस्वी करिअर: नियोजन, शिक्षण, श्रद्धा'. नियोजन म्हणे! दहावीनंतर आपण दोघांनी फॉर्मवर पहिला फिटर टाकला आणि नंबर लागला टर्नरला, एवढंच आपलं नियोजन. पोरांना हे सांगितलं तर मागची बाकं खूष आणि सरांचं तोंड बघण्यासारखं. शिकण्याबद्दल मात्र मनापासून बोललो. लेथवरनं सीएनसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर, आणि तिथनं व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवरच्या उभ्या मिलिंगवर आलो ते मशीन लावून देणाऱ्या सेटरच्या मागेमागे फिरून, त्याचे प्रोग्रॅम वहीत उतरवून, घरी एकेक ओळ कशासाठी आहे ते शोधत बसून. तू म्हणायचास, हा वही उशाला घेऊन मरणार. आणि टूलच्या लांबीचा तो जी 43 कोड न टाकता टूल खाली सोडलंस त्या रात्री कोणाची वही उघडली रे? (व्हर्नियरचा विषय काढू नकोस. ते मी हरवलं नाही. आजही म्हणतो.)

श्रद्धेवर आलो तेव्हा गाडी अडली, पोरांना काहीतरी गोलगोल सांगून खाली बसलो. कारण डोक्यात हेच चाललंय. नोकरी सोडून स्वतःची व्हीएमसी टाकायची म्हणतोय. पीएमईजीपीतून, त्या सरकारी सबसिडीच्या कर्जयोजनेतून. मशीन, कंप्रेसर, टूलिंग सगळं धरून 35 लाख, त्यात आपले 10 टक्के म्हणजे साडेतीन लाख घालायचे. ओपनवाल्याला सबसिडी शहरात 15 टक्के आणि ग्रामीणला 25, म्हणून गाळा ग्रामपंचायतीच्या हद्दीत बघितलाय. पण ती सबसिडी काय हातात येत नाही, तीन वर्षं बँकेतच अडकून पडते, मग कर्जात वळती होते. लोकांना वाटतं सरकार पावणेनऊ लाख खिशात घालतं!

आता हिशोब बघ. सात वर्षांसाठी हप्ता 54 हजारांच्या आसपास. तासाला 400 चा रेट धरला तर एका शिफ्टचे महिन्याला 80 हजार. त्यातनं भाडं, लाईटबिल, इन्सर्ट, कूलंट, पोराचा पगार. म्हणजे एका शिफ्टवर मी उपाशी, दोन शिफ्ट चालल्याच पाहिजेत, आणि दोन शिफ्टचं काम देणारा सध्या एकच माणूस आहे, एका कंपनीचा पर्चेसवाला. "तुम्ही मशीन उभं करा, काम माझ्याकडे लागलं." हे तोंडी. कागदावर द्या म्हटलं की हसतो, पाठीवर थाप मारतो, चहा मागवतो. पैशाचं तर विचारूच नको. 2006 च्या कायद्यात लिहिलंय की छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, आता तर नाही दिले तर त्यांना इन्कम टॅक्सला तो खर्चही त्या वर्षी धरता येत नाही, पण भोसरीत कुठल्याही गाळ्यात जाऊन विचार, तक्रार करतो का कोणी? पुढचं काम बंद होईल या भीतीनं सगळे गप्प.

आमच्या अप्पांचं काय, माळकरी माणूस. कोटेशन घेऊन विठ्ठलाच्या फोटोपुढे ठेवलं, कुंकू लावलं, ते नेमकं टोटलवर. आता वाचताच येत नाही. म्हणाले, आषाढीपर्यंत थांब, मी पायी जाऊन येतो, माऊली बघतील. मी जरा तोडूनच बोललो, तर म्हणे, "तू त्या चहावाल्या साहेबाच्या शब्दावर घर टांगतोयस, मी तर विठ्ठलाच्या." यावर काय बोलणार सांग? खरंच आहे ना! मी स्वतःला हिशोबी समजतो आणि माझी सगळी एक्सेल शीट उभी आहे एका माणसाच्या थापेवर, म्हणजे पाठीवरच्या. हिची बांगडी साडेतीन लाखांत धरलीय. ती काही बोलत नाही, कपाटाची किल्ली तेवढी पुढं सरकवली. बोलली असती तर बरं झालं असतं.

तू शिरोलीत फौंड्र्यांच्या तोंडावर बसलायस. मला तिकडनं दुसरा कस्टमर मिळेल का, अर्ध्या शिफ्टचा का असेना, पण लेखी ऑर्डर देणारा? दुसरा एक मिळाला ना की मी राजीनामा टाकतो. नाहीतर अप्पा जिंकले, आषाढीपर्यंत थांबतो. आणि 400 चा रेट जास्त धरलाय का ते खरं सांग, तुमच्याकडे काय चालतो?

आईचा गुडघा तसाच, माझी शुगर बरी. तुझा स्लॅब टाकून झाला का? वहिनींच्या बदलीचं काय झालं ते मागच्या वेळी विचारायचंच राहिलं. पोरगी आठवीत ना आता?

कोटेशनचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो, कुंकवाखालचा आकडा 28 लाख 40 हजार आहे, त्यात ट्रान्सपोर्ट धरलाय का बघ. फोन रविवारी कर, सकाळी नको.

तुझा,
दिल्या