सहलीची गाडी मालाच्या वाटेने न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले महिनाभर आपल्या अंकात दिवाळीच्या सुटीतल्या सहलींच्या जाहिराती येत आहेत. त्यांत ‘जुन्नर-नाणेघाट, दोन दिवस’ अशी एक चौकट दिसली, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी ३८ वर्षे सोलापुरात एका हुंडेकऱ्याच्या, म्हणजे मालवाहतूकदाराच्या, पेढीवर बुकिंगला होतो. चादरी, टॉवेल, सुताच्या गाठी. कुठली गाठ कुठल्या गाडीत चढवायची, बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, काय लिहायचे, कुठल्या नाक्यावर कुठला कागद दाखवायचा, यातच नोकरी गेली. इतिहास माझा विषय नाही. पण मालाची वाट कशी असते हे मला कळते, आणि जुन्नरजवळून कोकणात उतरणारा नाणेघाट ही मालाची वाट आहे. मी तिथे दोनदा गेलो. दोन्ही वेळा गाडी सारखीच, सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर. पहिल्या वेळी घाट पाहून आलो असे म्हणायची सोय नाही. दुसऱ्या वेळी पाहिला.

पहिली सहल गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली. शनिवारी रात्री दहाला सोलापूर सोडले. रविवारी सकाळी लेण्याद्री, दुपारी शिवनेरी, आणि नाणेघाटावर पोहोचलो साडेचार वाजता. घाटघरपासून गाड्यांची रांग लागलेली. उतरताना सांगण्यात आले, “पंचेचाळीस मिनिटं. उलटा धबधबा बघा, फोटो काढा, गाडीत बसा.” वाऱ्याने पाणी वर उडते ते पाहिले, छान वाटले, नाही म्हणणार नाही. पण मी पुस्तकात वाचले होते की इथे सातवाहनांच्या, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्यातल्या, राणीचा कोरीव लेख आहे. संयोजकांच्या माणसाला विचारले, गुहा कुठे? तो म्हणाला, “काका, तिथं काही नाही. नुसत्या भिंती आहेत.” गावातला एक मुलगा दाखवतो म्हणून मागे लागला होता, त्याला या माणसाने हाताने बाजूला केले. “गाईड पॅकेजमध्ये नाही.” आमच्या सौभाग्यवती नखशिखान्त भिजल्या होत्या. आम्ही गाडीत जाऊन बसलो. परतताना गाडीत गाणी चालू होती आणि माझ्या डोक्यात ते एकच वाक्य: नुसत्या भिंती आहेत.

दुसरी सहल यंदाच्या जानेवारीतली. बार्शीचे एक निवृत्त इतिहास-शिक्षक ओळखीच्या लोकांना घेऊन वर्षातून एकदा निघतात. अकरा जण होतो. सरांची एकच अट होती: सुरुवात जुन्नरला करायची नाही, तेरला करायची. “माल जिथून निघाला, तिथून आपण निघायचं.” हे वाक्य ऐकले आणि मी आगाऊ पैसे भरले.

गोरोबाकाकांचे तेर सोलापूरकरांना काय नवे! दर्शनाला आपण सगळेच कधी ना कधी गेलेलो. पण हेच तेर म्हणजे जुने तगर, आणि तगर ही दोन हजार वर्षांपूर्वीची बाजारपेठ, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळले. त्रिविक्रमाचे देऊळ सरांनी आधी मागून दाखवले. विटांचे, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. हे मूळचे बौद्धांचे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह. पुढे तिथे विष्णू आला, वास्तू तीच राहिली. मग संग्रहालय. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंतून ते उभे राहिले. मणी, शंखाच्या बांगड्या, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, रोमन वळणाच्या वस्तू. हस्तिदंताच्या छोट्या स्त्रीमूर्तीपाशी सर थांबले. इटलीत पाँपेई नावाचे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले. तिथल्या एका घरात १९३८ साली अशीच हस्तिदंती भारतीय मूर्ती सापडली. इतके सांगून ते पुढे गेले. मी मात्र काचेपाशी उभाच राहिलो. इतका नाजूक माल इतक्या लांब, न मोडता पोहोचला! बांधणारा कोण असेल?

देवळाच्या पायरीवर बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाताना सरांनी एक कागद वाचून दाखवला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहितीवही लिहून ठेवली आहे. तिच्यात पैठण आहे आणि तगरही आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून मौल्यवान खडे, तगरहून साधे कापड भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. हा सगळा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून गुजरातेतल्या भडोच बंदराला उतरतो. संपादक महाशय, मी ३८ वर्षे हेच लिहीत आलो. माल काय, कुठून, कुठे, कशातून. चाटी गल्लीतल्या कापडाची बिल्टी आणि त्या ग्रीकाची नोंद यांत मला फरक दिसेना. कापड आपल्या भागातून तेव्हाही बाहेर जात होते. घास हातात तसाच राहिला होता.

मी विचारले, सर, माल भडोचला जात होता तर मग नाणेघाट कशाला? त्यांचे उत्तर मला लगेच पटले. नाणेघाट उतरतो कल्याणला. कल्याण आधी चालते बंदर होते. पुढे सत्तांच्या भांडणात ते अडवले गेले, आणि तिथे लागणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्याच वहीत लिहिले आहे. म्हणजे जवळची वाट बंद, लांबची चालू. गाड्या अडल्या की हुंडेकरी काय करतो? दुसऱ्या मार्गाने माल काढतो आणि भाडे वाढते. दोन हजार वर्षांत यात काय बदलले?

तेर ते पैठण आम्ही कळंब, बीड, गेवराई असे गेलो. तेव्हाचे दहा दिवस, आमचा एक दिवस, चहाचे थांबे धरून. पैठणवर मी इथे लिहीत नाही, त्याला वेगळे पत्र लागेल. या टप्प्यात लक्षात राहिला तो सरांनी घातलेला एक हिशेब. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने कोष्ट्यांच्या एका संघाकडे २००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले, महिन्याला शेकडा एक व्याजाने. त्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. मी लगेच पेन काढले. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब तंतोतंत! गाडीत आमच्याबरोबर साखर पेठेतले एक पद्मशाली गृहस्थ होते, हातमागावर बसलेले. कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो दोनदा तपासला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “म्हणजे आमच्या लोकांकडं पैसा ठेवत होते, बँकेसारखा.” नंतर बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते.

पुढे अहिल्यानगर, टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, जुन्नर. जुन्नरच्या लेण्यांत देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांचा संघ आहे, आणि यवनही, म्हणजे ग्रीकांसारखे पश्चिमेकडचे परदेशी, आहेत. इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. परदेशी माणूस इथे स्थिरावतो आणि दान देतो ते पाण्याचे. वाटेवरचा माणूस होता, वाटेवर काय लागते ते त्याला ठाऊक होते.

आता मुख्य गोष्ट. जुन्नरहून सकाळी सहाला निघालो. कुकडीचे खोरे उघडत जाते, माणिकडोह धरणाचे पाणी दिसते, मग चावंड, पलीकडे हडसर, शेवटी जीवधन. पहिल्या सहलीत हे सगळे धुक्यात आणि गाण्यांत गेले होते. या वेळी सर प्रत्येक किल्ला दिसला की एवढेच म्हणत, “हा वाटेचा पहारा.” शिवनेरी धरून चार किल्ले एका रस्त्यासाठी! त्या रस्त्यावरून काय जात असेल याचा अंदाज तिथेच येतो.

घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे लोक सांगतात. मी हात घालून पाहिला, तर वेफर्सची पाकिटे आणि पाण्याची बाटली निघाली. ती पिशवीत भरली. आपल्या शहरात जकात होती तेव्हा मी कितीतरी रात्री नाक्यावर गाठी मोजून दिल्या आहेत, थंडीत, ड्रायव्हरबरोबर. त्या रांजणाच्या काठावर हात ठेवला तेव्हा मला दगड परका वाटला नाही.

गुहा थोडी खाली आहे. घाटघरचा एक तरुण आमचा वाटाड्या होता. आत दोन मुले स्टोव्हवर चहा करत होती, रात्री तिथेच झोपलेली. तो त्यांच्यावर ओरडला नाही. “दादा, भिंतीपासून लांब घ्या, धुरानं अक्षरं जातात,” एवढेच म्हणाला, आणि त्या मुलांनी स्टोव्ह उचलून बाहेर नेला. मग त्याने बॅटरी काढली. समोरून उजेड टाकला तर भिंत सपाट, खडबडीत, काहीच नाही. ‘नुसत्या भिंती’! त्याने बॅटरी भिंतीच्या अगदी कडेला आडवी धरली, आणि एकेका खाचेत सावली भरली. ओळीच्या ओळी वर आल्या. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, दिशांचे रक्षक लोकपाल यांना वंदन. पुढे राणी नागनिकेच्या लेखात यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. सगळे आकड्यांसह, १७००, १०००१, २४४०० असे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, वरची नावे आणि कुठे पावलांच्या खुणा राहिल्या. सिमुक सातवाहन, देवी नागनिका, राजा सातकर्णी. आमच्या सौ. त्या नावाखाली उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “अहो, एवढं लिहून ठेवलंय बाईनं, आणि मागच्या वेळी आपण वरूनच परत गेलो.” स्टोव्हवाली मुलेही तोवर आत येऊन ऐकत होती.

मग आम्ही घाट पायी उतरलो, खाली वैशाखरेपर्यंत. गाडी मागे फिरून माळशेज घाटाने येणार होती. दगडी पायऱ्या अरुंद, झिजून गुळगुळीत झालेल्या, चढ उभा. इथून बैलगाडी उतरणे शक्यच नाही, हे पहिल्या वळणावर माझ्या ध्यानात आले. म्हणजे वर पठारावर गाड्या रिकाम्या होत असणार, माल बैलांच्या, गाढवांच्या पाठीवर किंवा माणसांच्या डोक्यावर चढत असणार, आणि खाली पुन्हा गाड्यांत. आम्ही याला माल पलटी करणे म्हणतो. पलटीच्या ठिकाणी तीन गोष्टी लागतात: मोकळी जागा, पाणी, हिशेबनीस. वर सपाटी आहे, खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, आणि रांजणही आहे. हे कुठे वाचलेले नाही, माझ्या धंद्यावरून सांगतो. सरांनी ते वहीत लिहून घेतले.

आम्ही अडीच तासांत खाली पोहोचलो. माझे गुडघे बोलत होते, पण पोहोचलो. गाडी आमच्यानंतर वीस मिनिटांनी आली. घाट तिथेच का खोदला, हे त्या वीस मिनिटांनी मला समजावले.

म्हणून सहल-संयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. नाणेघाट हा ‘पॉइंट’ म्हणून विकू नका. सोलापूरहून निघणारी गाडी तेरहून सुरू करा आणि माल गेला त्या क्रमाने न्या. घाटाला निदान अर्धा दिवस द्या. ज्यांना झेपेल त्यांना पायी उतरवा, बाकीच्यांनी गाडीने वळसा घालावा. घाटघरच्या वाटाड्याचे मानधन तिकिटातच धरा, त्याला बक्षिसीवर सोडू नका. पावसाळ्यात धबधबा पाहायचा असेल तर जरूर पाहा, पण लेखासाठी कोरड्या दिवसांत पुन्हा या, असे प्रवाशांना स्पष्ट सांगा. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. आपल्या शाळांनी ती घेऊन आठवी-नववीची मुले या वाटेने न्यावीत. यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या मुलांना तर आधी न्यावे. आणि वाहनतळावर, गुहेकडे उतरण्याआधी, लेखाचा आजच्या मराठीतला अर्थ मोठ्या अक्षरांत लिहिलेला हवा, म्हणजे तिथे काही नाही असे कुणी कुणाला सांगणार नाही.

सगळ्या थांब्यांच्या वेळा, जेवणाची ठिकाणे, कुठे किती वेळ लागला, हे मी बुकिंगच्या सवयीने वहीत नोंदवले आहे. कुणा संयोजकाला किंवा शाळेला हवे असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा. मी झेरॉक्स आणून देईन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त बुकिंग क्लार्क,
साखर पेठ, सोलापूर