नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातील अवघड ट्रेकच्या संचाबाबत तक्रार

कोल्हापूर
दि. १२ फेब्रुवारी २०२६

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ट्रेक मार्गदर्शक संचातील चुकीची श्रेणी, जीवावर बेतणाऱ्या सूचना आणि निकृष्ट दोर. विक्री थांबवून पैसे परत करण्याबाबत.

महोदय,

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागा आणि त्यांच्या डोक्यावरचे गडकिल्ले यांच्या अवघड वाटांचा आपला संच आम्ही कोल्हापूरच्या ट्रेकर मंडळींनी मिळून मागवला. पुस्तिका, घडीचा नकाशा, मोबाईलवर उतरवून घ्यायचे जीपीएस ट्रॅक आणि ‘सुरक्षा पिशवी’ असा हा संच प्रत्येकी २,८५० रुपयांना पडला. एकूण सहा नग घेतले. छपाई देखणी आहे, नकाशाचा कागद पाण्यात टिकतो. तक्रार मजकुराची आहे. या वाटा आम्हांला ठाऊक आहेत, म्हणून चूक कुठे आहे ते दिसते. सह्याद्रीत पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याला ती दिसणार नाही, आणि संच तर त्याच्यासाठीच विकला जातो आहे.

मूळ दोष श्रेणी ठरवण्यात आहे. वाट सोपी, मध्यम की कठीण हे आपण अंतर आणि एकूण चढ यांच्या गुणाकारावर ठरवले आहे. या हिशेबाने आमची पन्हाळा ते पावनखिंड ही दोन दिवसांची वाट ‘अतिकठीण’ ठरेल आणि नाशिकचा हरिहर किल्ला ‘मध्यम’. पुस्तिकेत हरिहर खरोखरच ‘मध्यम’ छापला आहे. पावनखिंडीच्या वाटेवर चिखल असतो, पाय भरून येतात, पण कुठे दोन्ही हातांनी कातळ धरायची वेळ येत नाही. हरिहरवर पायथ्याच्या निरगुडपाड्यापासून पायऱ्यांपर्यंतची चाल साधी आहे आणि सगळा अवघडपणा शेवटच्या कातळात एकवटला आहे.

त्या पायऱ्यांबद्दल पुस्तिकेत ‘प्राचीन पायऱ्यांचा रम्य चढ’ एवढेच लिहिले आहे. खरे वर्णन असे. पायऱ्या साधारण ८० अंशांच्या, एका वेळी एकच माणूस जाईल इतक्या रुंद. पायरीच्या दोन्ही टोकांना हाताला खोबण्या आहेत. खोबणीत बोटे घट्ट बसतात, पण तिच्या तळाशी माती आणि बारीक खडी साचते, पावसाळ्यात पाणी. म्हणून भार टाकण्याआधी बोटांनी खडी बाहेर ओढावी लागते. पायरीचा मधला भाग झिजून गुळगुळीत झालेला असतो, तेव्हा पाऊल कडेला, खोबणीजवळ ठेवायचे. दरवाजा ओलांडल्यावर कातळ कोरून काढलेली आडवी वाट लागते. तिथे डोक्यावर कातळ असल्याने वाकून जावे लागते आणि पाठीवरची उंच सॅक अडकली की माणूस बाहेरच्या अंगाला ढकलला जातो. त्यानंतर पायऱ्यांचा दुसरा टप्पा. उतरताना तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे. हे एक वाक्य तरी छापायला हवे होते. आपल्या पुस्तिकेतील छायाचित्रात मॉडेल दरीकडे तोंड करून, हातात मोबाईल धरून उतरताना दाखवली आहे.

वेळ दिली आहे ‘चढ १५ मिनिटे, उतार १० मिनिटे’. सुटीच्या दिवशी वर जाणारे आणि खाली येणारे एकाच अरुंद पायऱ्यांवर समोरासमोर येतात आणि वाट तुंबते. तिथे घाई करणारा माणूसच घसरतो, आणि ही घाई त्याला आपल्या वेळापत्रकाने लावलेली असेल.

आमच्या पहिल्या ई-मेलला आपल्याकडून उत्तर आले की ‘सर्व मार्ग उपग्रहाच्या माहितीवरून तपासलेले आहेत’. घोटाळा नेमका तिथेच आहे. उपग्रहावरून मोफत मिळणारी उंचीची माहिती साधारण ३० मीटरच्या चौकटींची असते. एका चौकटीला एकच उंची. ३० मीटर उंचीचा उभा कडा लगतच्या दोन चौकटींमध्ये सापडला तर आलेखात तो ४५ अंशांचा उतार दिसतो आणि रेषा गुळगुळीत केली की त्याहूनही सौम्य. ज्या कातळावर माणसाचा जीव टांगणीला लागतो तो आपल्या आलेखात उरतच नाही. जीपीएस ट्रॅकचेही तसेच. कड्याखाली आकाश अर्धे झाकलेले असते, सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोचतो आणि ठिकाण दहा-पंधरा मीटर सहज सरकते. मैदानात याने काही बिघडत नाही. कड्यावर दहा मीटर म्हणजे दुसरी पट्टी (कड्यातली अरुंद आडवी जागा), आणि ती पट्टी पुढे जाऊन नुसती संपते.

हे समजायला इथला दगड समजावा लागतो आणि त्याबाबत पुस्तिकेची प्रस्तावना सरळ चुकीची आहे. धोडप किल्ल्याचा सुळका म्हणजे ‘निद्रिस्त ज्वालामुखीचे मुख’ असे त्यात म्हटले आहे. दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून वाहिला. धोडपला आज शंकूसारखा आकार आहे तो झिजेमुळे. त्याच्या माचीची प्रसिद्ध भिंत म्हणजे डाईक, म्हणजे भेगेतच थिजलेला लाव्हा. आजूबाजूचा दगड झिजून गेला, ती उभी राहिली.

हा भूगोलाच्या तासाचा विषय म्हणून सोडून देता येत नाही, कारण हात कुठे घालायचा ते यावरून ठरते. आडव्या पसरलेल्या लाव्ह्यात थंड होताना पडलेले खांब उभे असतात आणि सुटले की बाहेरच्या अंगाला कलतात. डाईकमध्ये ते आडवे असतात, सरपण रचून ठेवल्यासारखे, आणि बाहेर ओढले की हातात येतात. म्हणून अशा भिंतीवर पकड खाली दाबायची, ओढायची नाही. आमच्याकडे पन्हाळ्याला माथ्यावर जांभा आहे. खरबरीत, भोकाभोकांचा, बुटाला पकड देणारा. कोल्हापूरचा नवखा माणूस त्याच सवयीने नाशिकच्या काळ्या कातळावर जाईल तर पहिल्या ओल्या पायरीवर फसेल. याची सूचना नाही. धोडपच्या माचीच्या भिंतीला मध्येच कापल्यासारखी खाच आहे आणि आपला ट्रॅक त्या खाचेवरून सरळ पलीकडे जातो. गडाच्या वरचा सुळकाही ‘शिखर, २० मिनिटे’ असा दाखवला आहे. त्याला प्रस्तरारोहणाचे साहित्य आणि ते वापरता येणारी माणसे लागतात.

घसाऱ्याचा, म्हणजे पायाखालून सरकणाऱ्या सुट्या मुरूम-खडीच्या उताराचा, उल्लेख तर पुस्तिकेत कुठेच सापडत नाही. एका लाव्ह्याच्या थराचा खालचा भाग टणक असतो, वरचा सच्छिद्र, पांढऱ्या स्फटिकांनी भरलेला, आणि दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा. हा मऊ भाग आधी झिजतो, तिथे कड्याला पट्टी तयार होते आणि आडव्या वाटा बहुधा अशाच पट्टीवरून जातात. याच झिजेचा मुरूम खाली उतारावर साठतो, पाणी धरून ठेवत नाही आणि द्राक्षाच्या मुळांना मानवतो. वेलीला जे चांगले तेच बुटाला वाईट. साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीतून सालोट्याकडे जाणारी आडवी वाट पुस्तिकेत ‘जवळपास सपाट’ आहे, कारण नकाशावर ती एकाच उंचीवरून जाते. प्रत्यक्षात ती घसाऱ्याची आहे. पावसानंतर गवत मुरूम धरून ठेवते. फेब्रुवारीत तेच गवत वाळून आडवे होते, त्याखाली गोल खडी असते आणि पाऊल एकदम सुटते. अशा ठिकाणी एका वेळी एकाने जायचे, टाच रोवून, डोंगराकडचा हात मोकळा ठेवून. कुणाच्या अगदी खाली कुणी थांबायचे नाही आणि दगड सुटला की तो लागो न लागो, ओरडून सांगायचे. सगळ्या ऋतूंना एकच श्रेणी छापणे म्हणूनच चालत नाही.

साल्हेरच्या पानावर आणखी दोन चुका आहेत. उंची १,५६७ फूट छापली आहे. ती १,५६७ मीटर आहे, म्हणजे सुमारे ५,१४० फूट, आणि महाराष्ट्रातला हा सर्वांत उंच किल्ला आहे. फूट समजून निघालेला माणूस एक लिटरची बाटली घेऊन निघेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे माणशी चार लिटर पाणी लागते. दुसरे, वाघांबेत गाडी ठेवून साल्हेरवाडीत उतरायला सांगितले आहे. ही दोन गावे गडाच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत. गाडी वळवून आणायची सोय आधी केली नाही, तर संध्याकाळी दमलेली माणसे गडाच्या एका अंगाला आणि गाडी दुसऱ्या अंगाला. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात आमच्या पन्हाळ्याबरोबर साल्हेरही आहे, तेव्हा तिकडे नवखी माणसे वाढणारच.

आता वाइनबद्दल. बागा बघणे, वाइन चाखणे यात गैर काही नाही. पण आपल्या एका कार्यक्रमात दुपारी दिंडोरीकडे वाइन चाखून साडेतीनला हट्टी गावातून धोडप चढायला सांगितले आहे. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो; म्हणजे अनोळखी गडावरून अंधारात उतरायचे आणि तेही दारू पोटात असताना. दारूने तोल जातो, लघवी वाढून अंगातले पाणी घटते आणि उंचीची भीती कमी होते. तिसरी गोष्ट सर्वांत घातक. चाखणे असेल तर ते ट्रेक संपवून, खाली आल्यावर.

याहून गंभीर सूचना ऑक्टोबरच्या पानावर आहे. ‘छाटणी झालेल्या बागांमधून चालत जा, काड्या हाताळून पाहा, मग वाइन चाखा.’ ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाईड लावतात. शेतकरी त्याला पेस्ट लावणे म्हणतात. हे रसायन कातडीतून शरीरात जाते आणि त्यानंतर दारू घेतली तर चेहरा लालभडक होणे, छाती धडधडणे, रक्तदाब घसरणे, धाप लागणे असा त्रास होतो. म्हणून ते हाताळण्याआधी आणि हाताळल्यावर दारू वर्ज्य असते. बागाईतदाराला हे पक्के माहीत असते. कोल्हापूरहून किंवा मुंबईहून गेलेल्याला कोण सांगणार? जिल्ह्याच्या उत्तरेकडील बागलाणात पूर्वहंगामी द्राक्षांची छाटणी ऑक्टोबरच्याही आधी होते, म्हणजे तिकडे हा धोका आधीच सुरू होतो. शिवाय बाग ही खासगी मालमत्ता आहे. आपले ट्रॅक मांडवाच्या ओळींमधून काढले आहेत. मालकाला विचारल्याशिवाय आत शिरू नये, फवारणी चालू असेल तर विचारूही नये, बांधावरून जावे.

‘सुरक्षा पिशवी’त १५ मीटरचा ८ मिलिमीटर जाडीचा पॉलिप्रॉपिलीन दोर आणि एक कॅराबिनर (दोर अडकवायची, फाटक उघडणारी धातूची कडी) आहे. गिर्यारोहणात माणसाचा भार घेणाऱ्या स्टॅटिक (फारशा न ताणल्या जाणाऱ्या) दोरासाठीच्या युरोपीय मानकात, ईएन १८९१ मध्ये, ८.५ मिलिमीटरपेक्षा बारीक दोर बसतच नाही. पॉलिप्रॉपिलीन नायलॉनपेक्षा खूप कमी तापमानाला वितळते, त्यामुळे घर्षणाने ते लवकर जाते. दुहेरी करून रॅपलिंगला (दोरावरून खाली उतरायला) वापरला तर १५ मीटरचे साडेसातच उरतात. कॅराबिनर उजेडात धरून पाहिला. कडीच्या पाठीवर किलोन्यूटनचा, म्हणजे ती किती ताण सोसेल त्याचा, आकडा कुठेही कोरलेला नाही. गिर्यारोहणाच्या कॅराबिनरवर तो असतोच; सर्वसाधारण प्रकाराला लांबीच्या दिशेने किमान २०, फाटक उघडे असताना किमान ७. या पिशवीतल्याचे फाटक अंगठ्याने बाजूला दाबले तरी बिजागरीतून हलते. ही किल्ल्या अडकवायची कडी आहे. पिशवीवरच्या चित्रात दोर एका सुट्या उभ्या खांबाला बांधलेला दाखवला आहे, म्हणजे वर सांगितलेल्या बाहेर कलणाऱ्या दगडाला. जिथे दोर लागेल तिथे दोन स्वतंत्र, हलवून पाहिलेले अँकर (दोर बांधायचे पक्के आधार) आणि बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरून सांभाळणारा, जाणकार माणूस लागतो. आणि ज्या वस्तूने खरोखर जीव वाचतो ते हेल्मेट पिशवीत नाही.

गुहेत मुक्कामाला ‘शेकोटी पेटवा’ हेही काढून टाकावे. या कड्यांवर आग्या मोहोळ असते, धुराने उठते, आणि पायऱ्यांवर असलेल्या माणसाला पळायला जागा नसते. वाळलेल्या गवतात वणव्याचा धोका वेगळाच.

आमच्या मागण्या अशा. सहाही संचांचे पैसे परत करावेत. दोर आणि कॅराबिनर असलेली पिशवी आजच विक्रीतून काढावी आणि आधी घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला ‘भार टाकू नका’ असा संदेश पाठवावा; फोन नंबर आपल्याकडे आहेत. धोडपच्या खाचेवरून आणि सुळक्यावर जाणारे ट्रॅक ॲपमधून लगेच काढावेत, त्यासाठी नव्या आवृत्तीची वाट पाहू नये. नव्या आवृत्तीत प्रत्येक वाटेची श्रेणी तिच्यातल्या सर्वांत अवघड टप्प्यावरून द्यावी, पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा अशी तीन वेगळी, आणि ती त्या त्या गावातल्या वाटाड्याबरोबर चालून ठरवावी. ऑक्टोबरच्या पानावरील मजकूर रद्द करावा. पुस्तिकेत ११२ आणि १०८ हे आपत्कालीन मदतीचे क्रमांकही नाहीत, ते पहिल्याच पानावर यावेत.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि अपुऱ्या सूचना व इशाऱ्यांमुळे हानी झाली तर त्या कायद्याखाली उत्पादक जबाबदार धरला जातो. पावतीची प्रत, कॅराबिनरची छायाचित्रे आणि पुस्तिकेच्या खुणा केलेल्या पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दुरुस्तीसाठी कुठल्याही पानावर माहिती लागली तर आम्ही ती विनामूल्य देऊ.

कळावे,

आपले,
संच घेतलेले सहा ग्राहक,
कोल्हापूर