पोपटपंची

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागली होतीस. "आई, विमानांच्या कंट्रोल रूममध्ये दिवसभर तेच ते. आम्ही उंची सांगायची, वैमानिकाने ती परत म्हणायची, चुकला तर पुन्हा म्हणवून घ्यायची. नुसती पोपटपंची!" मी तेव्हा हसले. फोन ठेवल्यावर मात्र 1996 ची दिवाळी आठवली. तुझा तेव्हा जन्मही नव्हता.

12 नोव्हेंबरची संध्याकाळ. दिल्लीहून सौदीचं जंबो उडालं होतं, आत 312 माणसं. त्यातली कितीतरी पोटापाण्यासाठी आखातात निघालेली. समोरून 37 जणांना घेऊन कझाकस्तानचं इल्युशिन उतरत होतं. सौदीच्या विमानाला 14,000 फुटांवर राहायला सांगितलेलं, कझाकला 15,000 वर. मधे हजार फुटांचं अंतर. कझाक विमान तिथे थांबलंच नाही, खाली येत राहिलं. हरियाणात चरखी दादरीच्या वर दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली आणि सगळे, 349 जण, गेले.

चौकशी न्यायमूर्ती लाहोटींनी केली. ठपका कझाक वैमानिकांवर आला, आणि तो योग्यच होता. पण मला त्यातला एक तपशील अजून छळतो. त्या विमानात दिल्लीशी बोलणारा रेडिओवाला वेगळा होता, आणि त्याच्यासमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. उंची बघायची तर पुढे वैमानिकांच्या काट्यांवर डोकवायचं. वैमानिकांचं इंग्रजी कच्चं. म्हणजे ऐकणारा एक, चालवणारा दुसरा.

आणि इकडे दिल्लीत? येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना वाट एकच, कारण आजूबाजूचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे. रडार जुन्या पद्धतीचं. पडद्यावर ठिपका दिसायचा, पण तो किती उंचीवर आहे ते कळायचं नाही. त्यासाठी तिथल्या कंट्रोलरकडे, म्हणजे तुझ्या त्या थोरल्या सहकाऱ्याकडे, वैमानिकाचा शब्द तेवढा होता. तू ज्याला पोपटपंची म्हणतेस, तोच.

त्यानंतर येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार आलं, टक्कर टाळायचा इशारा देणारं यंत्र विमानात सक्तीचं झालं. दोषी कोण ते ठरवून फाईल मिटली असती, तर यातलं काय झालं असतं कोण जाणे.

यंत्र आलं म्हणून सगळं संपलं, असंही नाही. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगनवर दोन विमानं धडकली. 71 जण गेले, त्यात 52 मुलं होती. रशियन विमानातलं यंत्र सांगत होतं वर जा, जमिनीवरचा कंट्रोलर सांगत होता खाली या. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. दुसरं विमानही आपल्या यंत्राचं ऐकून खालीच येत होतं. त्या रात्री तो कंट्रोलर दोन पडदे एकट्याने सांभाळत होता. जोडीदार विश्रांतीला गेलेला, फोनची मुख्य यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद. अशा वेळी यंत्राचंच ऐकायचं, हे नियमात निःसंदिग्धपणे लिहिलं गेलं ते त्यानंतर. तिथल्या स्मारकाचा फोटो मी पाहिलाय. तुटलेली मोत्यांची माळ, आणि घरंगळलेले मोठमोठे मोती. बराच वेळ बघत बसले होते.

म्हणून, मनू, तुमच्या जाडजूड पुस्तकातला एखादा नियम खुळचट वाटला तर तो कुठल्या साली आला ते शोधून बघ. आणि पुढे कधी रात्रपाळीला कुणी म्हणालं, "थोडा वेळ तूच बघ गं दोन्ही पडदे," तर भिडस्तपणा करू नकोस. तुझा तो स्वभाव आहे, माझ्यावरच गेलीयेस. सरळ नाही म्हण. हातून काही चुकलं तर स्वतःहून लिहून दे, साहेब रागावला तरी चालेल. घरी आम्ही आहोत.

बाबा विचारतायत, सुट्टी कधीपासून? तिकीट काढायचंय.

तुझी,
आई