विरामचिन्हांची चूक दाखवा, कारणही सांगा

महोदय,

आमच्या शेजारची, मराठी माध्यमात आठवीत शिकणारी मुलगी गेल्या आठवड्यात इंग्रजीची वही घेऊन माझ्याकडे आली होती. ‘सर म्हणाले की, उद्या सुट्टी आहे’ हे वाक्य इंग्रजीत लिहिताना तिने ‘दॅट’च्या पुढे स्वल्पविराम दिला होता. त्याभोवती लाल पेनाने गोल करून अर्धा गुण कापलेला होता. तो का कापला, याचा वहीत कुठेही उल्लेख नव्हता. मराठीत ‘की’नंतर स्वल्पविराम देण्याची पद्धत छापील मजकुरातही सर्रास आढळते, इंग्रजीत मात्र अशा वाक्यात ‘दॅट’पुढे तो देत नाहीत. एवढे समजावल्यावर तिला ते पुन्हा सांगावे लागले नाही.

विरामचिन्हे आपल्याकडे इंग्रजीतूनच आली. जुन्या पोथ्यांत दंडाखेरीज फारसे काही नसे. एकोणिसाव्या शतकात ही चिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यानंतर त्यांचा वापर मराठीच्या वळणाने स्थिरावत गेला. ‘पाऊस थांबला, आम्ही निघालो’ अशी दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेली आपल्याला खटकत नाहीत. इंग्रजीत तेथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा उभयान्वयी अव्यय लागते. चिन्ह दिसायला तेच असल्यामुळे नियमही तोच असेल असे मूल धरून चालते आणि नेमके तेथेच फसते.

कॅपिटल अक्षरांची अडचण याहून खोल आहे, कारण देवनागरीत तशी सोयच नाही. ‘आशा’ हे मुलीचे नाव आहे की मनातली भावना, हे आपण संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीत वार, महिने आणि भाषा यांची नावे कॅपिटलने सुरू होतात, ऋतूंची होत नाहीत; हे मुळातून सांगावेच लागते. शिवाय आपण त्या अक्षराला आदराचा अर्थ चिकटवतो. महापे येथील एका कार्यालयात नोकरीला लागल्यावर मी इंग्रजी रजेच्या अर्जात ‘माय फादर’ लिहिताना ‘फादर’चे पहिले अक्षर कॅपिटल काढले होते. वरिष्ठांनी ते खोडून लहान केले, तेव्हा वडिलांचाच मान कमी केल्यासारखे मला वाटले. ‘बाबा आले’ म्हणताना आपला आदर क्रियापदात असतो. इंग्रजीत ती जागा नाही, म्हणून मी तो अक्षरात शोधत होते. ‘माय’ पुढे लागले की ‘फादर’ हे सामान्यनाम, आणि हाक मारताना किंवा नावाच्या जागी एकटे आले की विशेषनामासारखे, हे मला पुढे कित्येक वर्षांनी उमगले. शाळेत कोणी पाच मिनिटे दिली असती, तर तो सल इतकी वर्षे राहिला नसता.

राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्या वेळी ते पाचवीत सुरू होत असे. वाढलेल्या या वर्षांतले दोन-तीन तास मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी एकत्र घ्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकच उतारा दोन्ही भाषांत फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावा आणि चिन्हे कोठे जुळतात, कोठे वेगळी होतात, ते मुलांकडूनच शोधून घ्यावे. त्यासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. तोवर निदान वहीतल्या लाल गोलाशेजारी कारणाची एक ओळ तरी लिहिली जावी.

– एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई