वीतभर रबर

सातारा,
गुरुवार, रात्री

चि. शाल्मलीस अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की मी, यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून एकमत नाही. ती म्हणते मी ठेवला. असेल. म्हणून लिहायला बसलो. पत्रात तुला मला मधेच तोडता येत नाही, एवढा एक फायदा.

आधी चांगलं ते लिहा, असं आईनं बजावलंय. आपल्या जुन्या पद्मिनीचे फोटो मी मोठे करकरून पाहिले. डिकीतल्या टाकीपासून पुढं इंजिनापर्यंत टाकलेली लोखंडी लाइन सुरेख झाली आहे. सायलेन्सर एका बाजूनं, पेट्रोल दुसऱ्या बाजूनं. दर फुटाला क्लिप, क्लिपेच्या आत रबर, पत्र्यातून जाते तिथं ग्रोमेटचं रबरी कडं. खाली कुठं लोंबत नाही, म्हणजे स्पीडब्रेकरला घासायची भीती नाही. तांब्याची घालू नको म्हटलं होतं, तेही ऐकलंस. तांबं हादरे खाऊन कडक होतं आणि नेमकं वाकावर चिरतं. नळी सटकू नये म्हणून पाइपाच्या टोकाला फुगवटा काढलास, तो तर मला आयुष्यात कधी असा एकसारखा जमला नाही. डेपोतल्या जुन्या मिस्त्रीला फोटो दाखवला. म्हणाला, कुठल्या गॅरेजला केलं? मी म्हटलं, मुलीनं. तो फोटोकडं न बघता माझ्याकडंच बघत राहिला.

आता तो तुकडा.

टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा. वीतभर रबर आहे, पण ते मॅनिफोल्डवरून, म्हणजे इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्यावरून, गेलंय आणि मधे बोटभरही जागा नाही. तू म्हणालीस फोटोत जवळ दिसतं. वर म्हणालीस, अण्णा, तुम्ही डिझेलवाले. खरं आहे. ३१ वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये डिझेलच अंगावर घेतलं. डिझेल सांडलं की माती टाकायची आणि पुढच्या कामाला लागायचं. पेट्रोलचं तसं नाही. शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही त्याची पेटण्याजोगी वाफ होते, ती हवेपेक्षा जड, म्हणून गाडीखाली, खड्ड्यात साठून राहते. आणि घाटात दुसऱ्या गियरवर गाडी ओढताना मॅनिफोल्ड ४०० अंशांपर्यंत सहज तापतो. हे तुला सांगायला नको, तू कॉलेजात फिजिक्स शिकवतेस. पण मग फिजिक्स शिकवणाऱ्या बाईनं नळी तिथून न्यावी?

बघ, झालं सुरू. माफ कर. त्या तुकड्याबद्दल आता लिहीत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, त्या रात्री तुझा फोन आला होता. ‘अण्णा, आपली उभी आहे ना अजून?’ उभी होती, गोठ्यात, वर कडब्याची पेंढी. तात्यांनी नंबर लावला तेव्हा मी शाळेत होतो आणि गाडी आली तेव्हा मला मिशी फुटली होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी निघाली की आपल्याला पत्र येईल, म्हणून ते पोस्टमनला रोज चहा पाजायचे. तू ती पुण्याला नेलीस तेव्हा मला वाटलं, महिन्याभरात भंगारात देईल. असं वाटलं, हे कबूल करतो. नाना पेठेतून एकेक नट शोधून आणशील असं वाटलं नव्हतं.

तू म्हणालीस तीस वर्षं साधीच नळी होती, काय झालं? तेव्हाचं पेट्रोल वेगळं होतं, बाळ. आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या जातीचं रबर त्यानं आतून फुगतं, मऊ पडतं, चिरतं, आणि वरून मात्र काळंभोर, चकचकीत दिसतं. दुकानात नळीवरचं छापील वाच. ‘J30R9’ असं छापलेलं असेल तरच घे. पारदर्शक नळी तर अजिबात नको. पेट्रोल दिसतं म्हणून पोरं ती हौसेनं घालतात, वर्षभरात बांगडीसारखी कडक होते आणि उष्णता लागली की लोळागोळा. तो काचेचा फिल्टरही काढ. होज क्लिप नळीला कापणारी नको, गोल कडेची घे. पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, नवा टाकलायस, तरी ऑइलची डिपस्टिक काढून वास घेत जा. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं.

पारदर्शक नळीचं मला माहीत आहे, कारण मी ती घातली होती.

१९९१ चा मे. आत्याच्या बाळाचं बारसं करून आपण पुण्याहून येत होतो. आदल्या संध्याकाळी नळी फुटली, दुकानं बंद, म्हणून मी मिळाली ती घातली. मॅनिफोल्डवरूनच. दोन दिवसांचा प्रश्न आहे म्हटलं. शिरवळ सोडल्यावर आई म्हणाली, पेट्रोलचा वास येतोय. मी म्हटलं, काच खाली कर. खंबाटकी घाट चढताना गाडी आचके द्यायला लागली. मला वाटलं नेहमीचंच, उन्हानं पेट्रोलची वाफ धरली, पंपावर ओलं फडकं टाकू. तात्या तेच करायचे. आई खामजाईच्या देवळाकडं पाणी आणायला गेली आणि मी बॉनेट उघडलं. नळी वितळून मॅनिफोल्डवर टेकली होती. थेंब पडत होते. चर्र होऊन उडून जात होते.

तू आणि दादा मागच्या सीटवर झोपला होता. मी आधी तुला उचललं, पन्नास पावलं लांब नेऊन कठड्याशी ठेवलं, मग परत जाऊन दादाला आणलं. दोन फेऱ्या. तू चार वर्षांची, तो सहाचा, दोघांना एकदम का उचललं नाही ते अजून कळत नाही. आई पाणी घेऊन आली, म्हणाली, पोरं बाहेर का? म्हटलं, हवा खाताहेत.

काही झालं नाही. ते का पेटलं नाही याचं फिजिक्स तुला ठाऊक असेल. मला सांगू नको. आणि आईला यातलं काही बोलू नको, तिला अजून माहीत नाही.

तर तो तुकडा. (होय.) पंपापासून लोखंडी पाइपच पुढून वळवून मॅनिफोल्डपासून लांब वर ने. रबर फक्त दोन्ही टोकांना, चार-चार बोटं. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं म्हणून टाकीकडून येणाऱ्या लाइनीला पंपापाशी तेवढी ढिलाई ठेव. बॅटरीच्या वायरी त्याच क्लिपेत बांधू नको. शनिवारी गाडी उघड्यावर काढ, बॉनेट वर करून पंधरा मिनिटं चालू ठेव आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरव. बंद केल्यावर दहा मिनिटांनी परत बघ, कारण पंखा थांबला की बॉनेटखाली उष्णता उलट चढते. आग विझवायचा सिलिंडर पुढच्या सीटखाली ठेव. डिकीत नको, टाकी तिथंच आहे.

इराला आणू नको असं मी म्हणत नाही. तिचा हट्ट मला माहीत आहे, पणजोबांच्या गाडीत बसायचं म्हणून ती आठवडाभर नाचतेय. पण दादा तसाही रविवारीच निघतोय, त्याच्या गाडीत तिला बसव. सातारा फाट्यापासून तुझ्याकडं घे. तिथून मी पण बसतो, मागे, तिच्याशेजारी. चिडू नको. चिडलीस तरी चालेल, पण तिला घाटात त्या गाडीत बसवू नको.

आई म्हणते, अंगणात गाडीपुरती जागा झाडून ठेवलीय का विचारा. तिनंच झाडलीय, सकाळपासून दोनदा.

तुझे,
अण्णा

ता. क. दादाबरोबर लाडवांचा डबा पाठवलाय. डब्याखाली कागदात गुंडाळलेली नळी आहे, दोन फूट, आर ९, आणि चार क्लिपा. धारदार ब्लेडनं सरळ काप, कात्रीनं नको. उरलेली फेकू नको.