बाटलीतलं तिसरं औषध

लोकमान्य नगर, इंदूर
12 जानेवारी

प्रिय दिगू,

परवा फोनवर म्हणालास, "कफ पातळ करायची ती फसफसणारी गोळी तीन दिवस घेतली, मळमळायला लागलं, दिली सोडून." मागून वहिनी काहीतरी सांगत होत्या, त्यांना तू गप्प केलंस आणि खोकत खोकत फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

आधी माझी फजिती ऐक. दिवाळीनंतर सर्दी छातीत उतरली. दोष अर्धा माझाच. थंडी पडली की सराफा बाजारात तळलेला गराडूचा कंद खाल्ल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे तुला माहीत आहे. कफ असा चिकट की खोकून बरगड्या दुखायच्या, पण सुटायचा नाही. डॉक्टरकडे जायचा कंटाळा. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने बाटली काढून दिली, "अंकल, दिन में तीन बार." मापाचं टोपण बाजूला ठेवून मी घरातला आमटीचा चमचा भरून घेऊ लागलो.

तिसऱ्या दिवशी बँकेत गेलो. पैसे काढायच्या स्लिपवर सही करताना 'कुलकर्णी'तला रफार थरथरत शेजारच्या चौकटीत जाऊन पडला. खिडकीतली मुलगी म्हणाली, "सही जुळत नाही, काका." जन्मभर फळ्यावर वळणदार अक्षर काढलेला माणूस मी! दुसऱ्या स्लिपवर तर आणखीच वाकडी. रात्री छाती धडधडायची, झोप नाही. मनात म्हटलं, कंपवात तरी किंवा हृदय तरी. हिला सांगितलंच नाही.

शेवटी सुनेने बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली. आत एक नव्हे, तीन औषधं. ब्रोमहेक्सिन आणि ग्वायफेनेसिन कफासाठी, आणि तिसरं टर्ब्युटालिन, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं. हात थरथरणं, धडधड, झोप उडणं हे सगळं त्या तिसऱ्याचं. त्यात माझा चमचा मोठा. डॉक्टरांनी नाडी-बीपी पाहिलं आणि मला चांगलं फैलावर घेतलं. मी मात्र आठवडाभर कफाच्या औषधाला शिव्या घालत होतो.

ब्रोमहेक्सिनचं मूळ कुठे आहे माहीत आहे? आपल्या अडुळशात. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसिनवरून ते बेतलं, आणि त्याच्यापासून पुढे अँब्रोक्सॉल. तुझी आई रामबागेत पानं कुटून रस काढायची आणि तू नाक दाबून प्यायचास, तेच घराणं! पण झाडाचं म्हणून निरुपद्रवी, असं समजू नकोस. मळमळ, जुलाब होतात. अँब्रोक्सॉलने कुणाकुणाची जीभ बधिर होते, चव जाते. क्वचित अंगावर पुरळ येतं आणि तोंडात, डोळ्यांत फोड येऊ शकतात. तसं झालं तर औषध तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा. 2015 मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी हा इशारा माहितीपत्रकात घालायला लावला.

आता तुझी गोळी. ती अ‍ॅसिटाइलसिस्टीन, पुढे मलाही तीच दिली. पेल्यात टाकली की आधी फेस, मग कुजक्या अंड्याचा वास. नातू नाक धरून पळाला. गोळी खराब नसते, तिच्यात गंधक असतं. तेच गंधक कफातल्या गंधकाच्या गाठी उसवतं आणि कफ सैल होतो. मळमळ ही तिची नेहमीची तक्रार. मी उपाशीपोटी घेतली त्या दिवशी पोहे समोर असून घास उतरला नाही. जेवणानंतर घेऊ लागलो तर बरंच कमी झालं. तुझा जुना अल्सर पुन्हा त्रास देत असेल तर मात्र हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नकोस.

आणखी एक. कफ पातळ झाला की पहिले दोन-चार दिवस खोकला वाढल्यासारखा वाटतो. सुटलेला कफ बाहेर यायलाच हवा. तेव्हा शेजाऱ्याने सांगितलेलं खोकला दाबायचं सिरप सोबत घेऊ नकोस. कफ आतच साचतो. तुला दमा नाही, नाहीतर अ‍ॅसिटाइलसिस्टीन नेब्युलायझरच्या वाफेतून घेताना छाती आवळून येऊ शकते.

खरी धास्ती मला वेगळीच आहे. अँजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणाऱ्या कळेसाठी, तुझ्या खिशात जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी असते ना? तिच्याबरोबर अ‍ॅसिटाइलसिस्टीन आलं तर बीपी एकदम खाली येऊ शकतं, डोकं भयंकर दुखतं. शिवाय फसफसणाऱ्या गोळीत सोडियम असतं, आणि तू तर मीठ कमी केलेला माणूस. ज्या डॉक्टरांनी कफाची गोळी लिहिली त्यांना हे सांगितलं होतंस का? मला वाटतं, नाही. तू 'बाकी काही चालू आहे का' या प्रश्नाला 'काही नाही' म्हणणारा.

वहिनींना पत्र वाचायला दे. दोन्ही गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून उद्याच त्यांच्यासोबत जा, आणि आल्यावर फोन कर. या वेळी मी बोलेन.

तुझा,
विन्या